खुंटीवर राहिलेली दोरी

राजवाड्यात तिला सगळे गाठमावशी म्हणायचे. तिच्याहून वयाने मोठी माणसंही मावशीच म्हणायची आणि तिनेही कधी कुणाला हटकलं नाही. तिला खरं नाव होतं, पण त्या नावाने हाक मारणारा एकच माणूस होता, तिचा नवरा, आणि तो गेल्यापासून ते नाव घडी घालून ठेवल्यासारखं पडून होतं.

ती राजघराण्याची शिंपीण. मोठ्या जिन्याखाली एक लांबट खोली होती, तेच तिचं शिवणघर. एका अंगाला खिडक्या, खिडक्यांखाली कापड बेतायचा भला मोठा पाट आणि समोरच्या भिंतीवर खुंट्यांची रांग. प्रत्येक खुंटीवर एकेका माणसाचं चिन्ह कोरलेलं, आणि प्रत्येक खुंटीला त्या माणसाच्या मापाची दोरी.

त्या घराण्यात मापं लिहून ठेवत नसत. कुण्या एका पणजोबा राजाला अशी धास्ती होती, की आपल्या अंगाचं माप शत्रूला कळलं तर तो चिलखतातली फट हेरेल. त्याने ठरवलं, मापं दोरीत बांधायची. गळ्याला एक तऱ्हेची गाठ, खांद्याला दुसरी, बाहीला तिसरी. या गाठी वाचता यायच्या फक्त शिंप्याच्या घराला. नवरा जिवंत होता तोवर दोघांना यायच्या. पुढे मावशीने लेकीलाही शिकवल्या.

माणूस गेला की त्याची दोरी खुंटीवरून काढायची आणि त्याच्या उजव्या मनगटाला बांधायची. तेवढ्यानिशी त्याची पेटी पूर्वजांच्या तळघरात जायची. आणि एक समज वाड्यात सगळ्यांच्या हाडीमासी खिळला होता. जित्या माणसाची दोरी चुकूनही मेल्याच्या हाताला बांधायची नाही. बांधली तर खाली गेलेला वरच्याला वर्षाच्या आत बोलावून घेतो. मावशी तशी कशाला भिणारी बाई नव्हती, पण हे ती मानायची.

एरवी ती मोठी खट्याळ. सेनापती दरवर्षी अंगरखा घट्ट झाला म्हणून यायचे आणि दरवर्षी म्हणायचे, "मावशी, कापड आटलं बघा." मावशी म्हणायची, "हो ना. आख्ख्या राज्यात नेमकं तुमचंच कापड आटतं. त्याला जेवण जरा कमी वाढा." सेनापती हसत हसत पोट आत घ्यायचे आणि मावशी ते बाहेर यायची वाट बघत दोरी हातात धरून उभी राहायची.

वाड्यातले दिवस मात्र हसण्यासारखे नव्हते. राजा घोड्यावरून पडून गेला होता. पडून गेला असं सांगत. घोड्याला कुणी विचारलं नाही. राणी त्याच्याही आधी, बाळंतपणात गेलेली. मागे राहिले होते सात वर्षांचे बाळराजे. गादी त्यांची आणि कारभार त्यांच्या काकांच्या हातात. या काकांना वाडा धाकटे सरकार म्हणायचा. धाकटे सरकार कधी आवाज चढवत नसत, आणि ते खोलीत आले की बाकीच्यांचाही आवाज आपोआप खाली यायचा.

बाळराजेंना सांभाळायला होती गाठमावशीचीच लेक. नवऱ्याला लढाईने गिळलं तेव्हा ती आईकडे परत आली आणि पाळण्यातल्या त्या आईवेगळ्या पोराला तिने छातीशी धरलं. आता ते पोर तिच्याशिवाय घास घेत नसे.

एके दिवशी दुपारी कपड्यांच्या कोठीचा कारभारी शिवणघरात आला. माणूस बोलायला साखरेत घोळलेला, काम काढून घ्यायला पक्का.

"मावशी, एक काम होतं. जरा गुपचूप करायचंय."

"माझी सुई कधी बोलल्याचं ऐकलंत का? सांगा."

"आजीराणींचं काही खरं नाही. वैद्य म्हणतात, पंधरवडा निघाला तर नशीब. ऐनवेळी धावपळ नको. सगळ्यांचे कोरे कपडे शिवून ठेवा."

कोरे म्हणजे बिनरंगी, शोकाचे. राजघराण्यातलं कुणी गेलं की बाकीचे सगळे तेच घालायचे. आजीराणी म्हणजे गेलेल्या राजाची आई. म्हातारी खरंच अंथरुणाला खिळली होती.

"माणूस श्वास घेतंय आणि त्याच्या शोकाचे कपडे बेतायचे?"

"राजाचं घर आहे मावशी. इथे रडणंसुद्धा वेळेवर लागतं." कारभारी हसला. मग तो स्वतःच भिंतीशी गेला, खुंट्यांवरची चिन्हं बघत बघत त्याने दोऱ्या काढल्या आणि पाटावर आणून ठेवल्या. "कुणाकुणाचे ते वरून सांगितलंय. एवढ्यांचे शिवा. आणि तोंडातून ब्र काढू नका."

तो गेल्यावर मावशीने दोऱ्या सोडवायला घेतल्या. तिला चिन्हं बघावी लागत नसत, बोटांनीच कळायचं. ही धाकट्या सरकारांची, ही त्यांच्या बायकोची. ही त्यांच्या मुलाची, ही सेनापतींची, गाठी लांब लांब. आणि ही? पाठीला बाक आलेल्या बाईची, छातीचं माप दरवर्षी कमी कमी होत गेलेलं. ही तर आजीराणींची दोरी.

मावशीला आधी हसूच आलं. मेला धांदरट. म्हातारी काय स्वतःच्याच शोकाला नटून बसणार आहे?

हसता हसता तिने भिंतीकडे पाहिलं आणि तिच्या पायाखालची जमीन सरकली. सगळ्या खुंट्या रिकाम्या होत्या. फक्त सगळ्यात खालच्या, लहान मुलाच्या हाताला लागेल अशा खुंटीवर एक आखूड दोरी तेवढी लोंबत होती.

शोक सगळे करणार होते. आजीराणीसुद्धा. एकटे बाळराजे करणार नव्हते.

वरून हुकूम आला असणार, बाळराजे सोडून सगळ्यांचे. कारभाऱ्याने म्हातारीचं निमित्त स्वतःच्या डोक्याने जोडलं आणि तिची दोरी मागे ठेवायला विसरला. आता त्याच्याही ध्यानात येईल का? आलं, तर आपल्याही ध्यानात आलंय हे त्याला कळेल का? मावशीने कात्री उचलली आणि कापायला सुरुवात केली, कारण दाराशी कुणी डोकावलं तर ती काम करताना दिसायला हवी होती.

पुढचे दिवस तिने कसे काढले ते तिलाच ठाऊक. हात शिवत होते आणि नजर त्या खुंटीवर. वारा नसतानाही ती दोरी हलतेय असं वाटायचं. कुणाला सांगावं? सेनापती भला माणूस, पण त्याच्याही अंगाचे कोरे कपडे शिवले जात होते. त्याला माहीत नसेलच असं कशावरून? आजीराणीपर्यंत जायचं तर मधे धाकट्या सरकारांचे पहारे. आख्ख्या राजवाड्यात तिला भरवशाचं एकच माणूस होतं, आणि त्याला सांगणं म्हणजे त्याला कायमचं घालवणं. मावशीला हे पहिल्या दिवशीच कळलं होतं. तरी तिने दोन-तीन दिवस उगाच घालवले. आईच ती.

शेवटी लेक बाळराजेंची फाटलेली बाही घेऊन आली तेव्हा मावशीने कात्री जोरजोरात चालवत, त्या आवाजाखाली तिला सगळं सांगितलं.

लेक पांढरीफटक पडली. पण रडली नाही.

"म्हणजे पंधरवड्याच्या आत," ती म्हणाली. "परवा मापाचा दिवस आहे. त्यांना खाली आणायचंच आहे."

ऋतू बदलला की वाढत्या पोराची दोरी नव्याने बांधावी लागे, आणि त्यासाठी बाळराजेंना शिवणघरात आणायची जुनी रीत होती. पहारेकरी दाराबाहेर थांबायचे. राजाच्या उघड्या अंगाकडे शिंप्याखेरीज कुणी बघायचं नाही.

"मागच्या दाराने रंगाच्या हंड्यांच्या अंगणात निघायचं," मावशी म्हणाली. "दुपारी धुणेवाल्या बायका गाठोडी घेऊन बाहेर पडतात. त्यांची पोरं पदराला धरून असतात. एक बाई आणि एक पोर कुणाला जास्त वाटणार आहे?"

"आणि तू?"

"मी इथे माप घेणार."

"कुणाचं, आई?"

"बाहेर आवाज जायला नको का? खोली गप्प झाली की पहारेकरी आत येईल." मावशीने दोरा दातांनी तोडला. "तू लांब जा. इतकी लांब जा, की मला कुणी विचारलं तरी सांगता येऊ नये. आणि काही झालं तरी माझ्याकडे येऊ नकोस. निरोपही नको."

लेकीने आईचा हात घट्ट धरला आणि बाही घेऊन वर गेली.

मापाच्या दिवशी बाळराजे उड्या मारत आले. मावशीने दार लावलं आणि जाड्याभरड्या कापडाचा सदरा काढला. तो तिने त्यांच्याच दोरीवर बेतला होता, कारण अंगापेक्षा मोठा कपडा घातलेलं पोर चोरून आणल्यासारखं दिसतं. बाळराजेंना हा सगळा खेळच वाटला. "मी धुणेवाला झालो," ते कानात म्हणाले. लेकीने गाठोडं डोक्यावर घेतलं. आईकडे बघितलं. त्या बघण्याचं काय सांगायचं? मागचं दार उघडलं, उन्हाचा एक पट्टा आत आला, दार मिटलं आणि खोलीत मावशी एकटी उरली.

तिने दोरी हातात घेतली आणि मोठ्याने म्हणाली, "चला बाळराजे, सरळ उभे राहा. मान वर."

बाहेर पहारेकऱ्याचा भाला फरशीवर टेकल्याचा आवाज आला.

"अहो, हसू नका, दोरी हलते. आता हात पसरा. असे. केवढे वाढलात! असेच वाढलात तर माझे हात पुरायचे नाहीत." तिने रिकाम्या हवेत दोरी धरली, जिथे त्यांचा खांदा असता तिथे. "अगं, त्यांना गुदगुल्या काय करतेस? एवढी घोडी झालीस तरी पोरकटपणा जात नाही. बाळराजे, तुम्ही तिच्याकडे बघूच नका. माझ्याकडे बघा."

ती बोलत राहिली. गळा झाला, छाती झाली, मग बाही चुकली म्हणून पुन्हा घेतली. तिने एक गोष्ट सांगितली, अस्वलाच्या अंगरख्याची, आणि पोराने विचारावेत ते प्रश्न मधे जागा सोडून ऐकले आणि त्यांची उत्तरं दिली. घशाला कोरड पडली तरी थांबली नाही. जितकं बोलेल तितकी लेक लांब जात होती. आणि बोलता बोलता एक विचित्र गोष्ट झाली. तिला पुढ्यात कुणीतरी उभं असल्यासारखं वाटायला लागलं. कुणीतरी लहान, अगदी गप्प, हात पसरून उभं. ती नजर उचलेना.

पहारेकऱ्याने अखेर दार वाजवलं तेव्हा मावशी डोळे चोळत म्हणाली, "आतल्या जिन्याने केव्हाच वर गेले की. मी आपली माझ्याशीच बोलतेय. म्हातारपण, दुसरं काय?"

दुसऱ्या दिवशी सकाळी धाकटे सरकार स्वतः शिवणघरात आले. मावशी उठून उभी राहिली. त्यांनी पाटावरची कात्री उचलली, धार अंगठ्याने तपासली आणि परत जागेवर ठेवली.

"तुमची लेक गेली, मावशी."

"कुठे सरकार?"

"हेच मी तुम्हाला विचारणार होतो. मग वाटलं, तुम्हाला ठाऊक असतं तर तुम्ही इथे थांबला नसता. ऐका. बाळराजेंना ताप आला. सांसर्गिक. काल रात्री ते गेले. त्यांची सेवा करताना तुमच्या लेकीलाही तोच ताप लागला आणि तीही गेली. तिला लगेच मातीआड केलं, रोग पसरायला नको म्हणून. समजलं?"

मावशीने मान हलवली.

"तुम्हाला काही केलं तर लोक विचारतील, का केलं. त्यापेक्षा तुम्ही काम करत राहा. दाराशी एक माणूस बसेल, तुमच्या सोबतीला. कधी कुणी भेटायला आलंच, तर तो बघून घेईल." ते दारापाशी थांबले. "आता रडा. बाहेर बायका जमल्यात. त्यांना ऐकू जायला हवं."

मावशी रडली. ते काही नाटक नव्हतं, लेक पुन्हा दिसायची नव्हतीच. पण हुंदके देताना तिच्या मनात एकच गोष्ट लख्ख होती. ती दोघं यांच्या हाती लागली नाहीत. हातावर तुरी दिली पोरीने!

आपण इथे बसून राहायचं, आमिष म्हणून, हेही तिला कळलं. बसू. त्यात काय मोठं? पेटी रिकामी असेल, आत उशा-गोधड्या भरतील आणि झाकण लावून मोकळे होतील, असं ती धरून चालली होती. तिला तसंच वाटायचं होतं.

दुपारी तिला दालनात बोलावलं. अखेरचे कपडे चढवणं हे तिचंच काम. रीतीप्रमाणे तिने ते बाळराजेंच्या दोरीवर शिवून आणले होते. धाकटे सरकार खिडकीशी उभे, राजवैद्य उशाशी. मधे चौरंगावर एक लहान मूल झोपवलेलं होतं, आणि त्याचं तोंड फडक्याने घट्ट बांधलेलं होतं.

"तोंडावर तापाचे फोड आहेत," वैद्य जमिनीकडे बघत म्हणाले. "फडकं काढायचं नाही."

मावशी चौरंगाशी वाकली. तिने हात लावला आणि तो कुठल्या राजाचा हात नव्हता हे तिला लागलीच कळलं. तळहाताला काड्या टोचल्याच्या जुन्या, काळ्या पडलेल्या खुणा होत्या. कपडा चढवायला गेली तर बाह्या आखूड. आणि डावा खांदा उजव्याहून चांगला बोटभर उतरलेला, लहानपणापासून त्या अंगाला ओझं वाहिलं की उतरतो तसा.

हे मूल होतं. कुणाचं तरी होतं. काल सकाळी ते कुठेतरी हिंडत होतं, आणि एक पेटी भरायला हवी म्हणून त्याला उचललं होतं. ती पेटी कुणामुळे रिकामी पडली? मावशीने चौरंगाची कड धरली.

"काय झालं?" धाकट्या सरकारांनी विचारलं.

"काही नाही, सरकार. तापाने अंग सुजलंय. कपडा बसत नाही. उसवावा लागेल."

"उसवा."

तिने नवी दोरी मागवली. एका फडक्याखालच्या, कधीही न पाहिलेल्या पोराचं तिने माप घेतलं, जसं राजाचं घेतात तसं. गळा, खांदा, दुसरा खांदा, छाती, बाही, उंची. एकेक गाठ ओढून घट्ट केली. मग तिथेच जमिनीवर बसून शिवण उसवली, बाह्या वाढवल्या, डाव्या खांद्याला उतार दिला आणि पुन्हा शिवलं. कपडा बसला. कुठे सुरकुती नाही, कुठे ताण नाही.

"दोरी बांधा," धाकटे सरकार म्हणाले.

दोन दोऱ्या तिच्या मुठीत होत्या. धाकट्या सरकारांना दोऱ्या म्हणजे दोऱ्याच. मावशीने पोराच्या उजव्या मनगटाला त्याचीच दोरी बांधली. बाळराजेंची तिने मुठीतल्या मुठीत गुंडाळली आणि कमरेला खोचली. त्या दिवशी तिच्याकडून एवढंच झालं. ज्याचं त्याला माप मिळालं.

बाळराजेंना तळघरात पोचवलं. शहर रडलं. आजीराणीसुद्धा कोऱ्या कपड्यांत उशीला टेकून रडल्या आणि नंतर पुष्कळ दिवस जगल्या. धाकटे सरकार गादीवर बसले, नुसते सरकार झाले, आणि त्यांच्या गादीच्या समारंभाचा अंगरखाही गाठमावशीनेच शिवला.

पुढे ती एकटी असली की खोलीत बोलायची. "हात पसर. मान वर. हलू नकोस." दाराशी बसलेला माणूस कपाळाला बोट लावून दाखवायचा, लेकीच्या दुःखाने म्हातारीचं डोकं फिरलं. लोक हळहळत. मावशीने कुणाची समजूत काढली नाही. सांगणार काय? की जो त्या दिवशी रिकाम्या खोलीत पुढ्यात येऊन उभा राहिला तो गेलाच नाही म्हणून? त्याला तोंड नव्हतं, तिने पाहिलंच नव्हतं ते. फक्त माप होतं. कापड बेतायला घेतलं की तो पाटाच्या पलीकडे येऊन उभा राहायचा, डावा खांदा उतरलेला, आणि कधी काही मागायचा नाही. मागितलं असतं तर बरं, असं तिला वाटायचं.

त्याच दिवसांत वाड्याच्या मुदपाकखान्याला लाकडं पुरवणारी बाई अंगणात येऊन विचारू लागली होती, "माझा पोरगा दिसला का कुणाला? एवढा आहे. मोळी टाकायला गेला तो आलाच नाही." आधी सगळ्यांना विचारायची. मग लोक टाळायला लागले तसं कमी झालं. मावशीने तिला खिडकीतून पाहिलं. बाई मोळी उतरवत होती. मोळी तिच्या डाव्या खांद्यावर होती.

मावशी खिडकीतून मागे सरली आणि त्या दिवशी तिने काही शिवलं नाही.

सांगावं? सांगितलं तर ती आई टाहो फोडेल, तिचा काय दोष? दाराशी माणूस बसलेला. तळघरातला राजा राजा नाही हे उघड झालं की खरा कुठेतरी आहे हेही उघड झालं, आणि मग घोडेस्वार सुटतील, गावोगाव. न सांगावं तर ही बाई जन्मभर वाटेकडे बघत राहील. मावशी मूग गिळून बसली. रोज सकाळी ठरवायची, आज सांगायचं. रोज संध्याकाळी लेकीचा चेहरा आठवायची आणि गप्प राहायची.

वर्ष झालं तेव्हा लाकूडवाली आपणहून शिवणघरात आली. हातात हातभर कापड.

"गाठमावशी, पोराला एक सदरा शिवून द्याल? तो आला की अंगावर धड कपडा नसेल त्याच्या."

मावशीने कापड हातात घेतलं. "माप?"

"एवढा होता," बाईने हात आडवा धरून दाखवला, मग तो चार बोटं वर नेला. "आता एवढा झाला असेल."

मावशीने शिवून दिला. दोन्ही खांदे सारखे, मुद्दाम सारखे, कात्री दहादा थांबवून. बाईने पैसे पुढे केले तर तिच्यावरच खेकसली, "ठेव ते. राजवाड्याचा दोरा आहे, फुकटचा."

दुसऱ्या वर्षी बाई पुन्हा आली. हात आणखी वर गेला. तिसऱ्या वर्षी आणखी. पोर आईच्या हाताखाली वाढत होतं, छाती भरत होती, बाह्या लांबत होत्या, आणि पाटाच्या पलीकडचा मात्र आहे तेवढाच होता. मावशी दरवर्षी त्याच्या डोळ्यांदेखत, डोळे असते तर, त्याच्यापेक्षा मोठा सदरा बेतायची. लेकीची कधी खबर आली नाही. येऊ नये असं तिनेच सांगितलं होतं, तरी तिचा जीव तुटायचा. कमरेची आखूड दोरी ती कधीमधी चाचपून बघायची. बाळराजे आता मिसरूड फुटण्याच्या वयाचे झाले असतील, असतील तर.

मग तिचे डोळे अधू झाले. सुईत दोरा ओवायला दुसऱ्याला सांगावं लागायचं. पण कापणं थांबलं नाही. ते तिच्या बोटांना पाठ होतं. त्या वर्षीचा सदराही तिने असाच, चाचपत चाचपत शिवला.

लाकूडवालीने तो उलगडून उजेडात धरला. आता तिचेही केस पिकले होते. ती बघत राहिली. मग तिने दोन्ही खांदे एकावर एक ठेवले. डावा खाली उतरला. तिने शिवणीवरून अंगठा फिरवला, एकदा, पुन्हा एकदा.

"मावशी," ती म्हणाली, "मी तुम्हाला त्याच्या खांद्याचं कधी सांगितलं नव्हतं."

मावशीने हात पुढे केला, सदरा परत घ्यायला, पण तो मधेच थांबला. बोटांनी दगा दिला होता. की इतकी वर्षं पलीकडे उभ्या असलेल्याने अखेर मागितलं होतं?

दाराशी बसलेला माणूस नखं कापत होता. लाकूडवालीने त्याच्याकडे पाहिलं. मग तिने खुंट्यांकडे पाहिलं, सगळ्यात खालच्या, बाळराजेंच्या रिकाम्या खुंटीकडे, आणि तिचं तोंड हळूहळू बदललं. राजा तापाने गेला तो दिवस आणि मोळी टाकायला गेलेलं पोर आलं नाही तो दिवस तिने इतकी वर्षं शेजारी शेजारी ठेवून पाहिले नव्हते. कोण पाहील? एक राजा आणि एक लाकूडवालीचं पोर.

आता ती ओरडेल. मावशीने डोळे मिटले. ओरडली तर तो तिचा हक्क होता, आणि आपण तिचं तोंड दाबायचं नाही, हे मावशीने त्या क्षणी ठरवलं. लेकीची मनातल्या मनात माफी मागितली.

बाई ओरडली नाही. ती पाटाजवळ वाकली, सदऱ्याची घडी घालायच्या निमित्ताने, आणि तिचा आवाज मावशीलाच जेमतेम ऐकू आला.

"अंगात काय होतं?"

"त्याच्याच मापाचं," मावशी म्हणाली. "मी नव्याने शिवलं. कुठे आखूड नव्हतं. मनगटाला त्याचीच दोरी आहे, बाई. दुसऱ्या कुणाची नाही."

बाईने मान हलवली. घडी घातली, मोडली, पुन्हा घातली. तिच्या डोळ्यांतलं पाणी कापडावर पडलं आणि तिने ते पुसलं नाही. मग ती सरळ झाली, पदर खोचला आणि दाराशी बसलेल्या माणसालाही ऐकू जाईल अशा रोजच्या आवाजात म्हणाली,

"छान झालाय सदरा. पुढच्या वर्षी कापड आणीन. पण माप वाढवू नका."